दहा मोजेपर्यंत गप्प

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी माझ्या टेबलावर ८६५ रुपयांचं बिल आलं. एक आरसा, फुगे, बारा शिट्ट्या आणि बिस्किटांचे पुडे. शिक्षण खात्यात चौतीस वर्षं हिशेब लिहिले, पण शिट्ट्या कोणत्या सदरात टाकायच्या ते मला कळेना.

बिल विशाखाताईंचं. बोलायला अडचण असलेल्या मुलांना शिकवायला त्या सहायक म्हणून सहा शाळा फिरतात. त्या म्हणाल्या, “भाऊसाहेब, सदर नंतर शोधा. आधी येऊन बघा.”

गेलो. शेंद्र्याच्या पुढं एका वस्तीवरची शाळा. श्रेया सहा वर्षांची, कान चांगले, पण बोलत नव्हती. ताईंनी बिस्किटांचा डबा तिच्यासमोर धरला, झाकण घट्ट. तिनं मागावं म्हणून मनात दहा मोजायचे, तोवर कुणी बोलायचं नाही. एवढीच पद्धत.

तीनवरच अख्खा वर्ग ओरडला, “बिस्कीऽऽट!”

वर्गशिक्षक सोमनाथ सर कौतुकानं म्हणाले, “पोरं हुशार आहेत आमची.”

वर्ग बाहेर काढला, तर दारात बसलेली श्रेयाची आजी साळूबाई म्हणाली, “बाई, तिला बिस्कीट पायजे. द्या की, किती तरसवता!”

“आजी, तुम्ही नका सांगू. तिला मागू द्या.”

“ती कुठं बोलती? म्हणून तर म्या सांगतीय!”

ताईंनी कपाळाला हात लावला. येताना रिक्षात मला म्हणाल्या, “घरी हिनं बोट केलं की पाणी हजर. शाळेत शेजारची पोरगी हिची हजेरी देते. हिनं बोलावं तरी कशाला? आणि मार्चमध्ये पडताळणी आहे. एक शब्द निघाला नाही, तर माझी इथली फेरी बंद.”

२० मार्चला पडताळणीचे साहेब आले. फाईल घेऊन मीही होतो. ताईंनी बंदोबस्त चोख केला होता. वर्ग मैदानावर, सोमनाथ सर त्यांच्यामागं, साळूबाई पार बोअरवेलपाशी. खोलीत श्रेया, ताई, साहेब आणि मी.

डबा समोर आला. ताई पाठीमागं हात धरून बोटांवर मोजत होत्या. चार. पाच. श्रेयानं डब्याकडं बघितलं, मग ताईंकडं. सात. तिनं ओठ मिटले आणि त्यातून बारीकसा “ब्” आला. आठ. पोरीचा चेहरा लाल झाला होता. मला बघवेना.

“बिस्कीट हवंय ना बाळा?” मी म्हणालो.

श्रेयानं झटकन मान हलवली आणि तोंड मिटून घेतलं.

साहेबांनी लिहिलं: बोलत नाही, मानेनं सांगते. फेरी बंद.

ताईंनी डबा पिशवीत टाकला. मग मला म्हणाल्या, “साळूबाईला बोअरवेलपाशी धाडलं. तुम्हाला कुठं धाडायचं होतं, भाऊसाहेब?”

मी साहेबांना दोन अर्ज दिले, चूक माझी आहे असं लिहून. दोन्ही परत आले. पडताळणीच्या वेळी हजर कर्मचाऱ्याच्या बोलण्याची नोंद घ्यायला नमुन्यात रकाना नाही, असा शेरा होता. तो नमुना मीच छापून घेतला होता.

एप्रिलपासून ताई दर शनिवारी शाळा सुटल्यावर स्वतःच्या खर्चानं तिथं जातात. जाऊन-येऊन ऐंशी रुपये. निम्मे माझे, असं मी कबूल केलं. श्रेया अजून “ब्”च्या पुढं गेलेली नाही. मागच्या दोन शनिवारांचे माझे ऐंशी रुपये द्यायचे राहिले आहेत.