तेराच्या आत

बाहुबलीअण्णाचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या कोर्टाच्या आवारात उभी होते. "सुमन, आक्का गेली गं," एवढंच तो म्हणाला. मी निपाणीच्या वाटेला लागले, तर रस्त्यातच ओळखीच्यांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच. "कुठं झाला ॲक्सिडेंट?" घरी पोचल्यावरही तेच. सांत्वनाला आलेली माणसं पाणी पिऊन झालं की हळूच विचारायची, "गाडीतच का?" आक्का दवाखान्यात, पलंगावर, स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेली. हे किती जणांना सांगितलं असेल मी! ऐकून घेताना काहींच्या चेहऱ्यावर चक्क निराशा दिसली. आज इतके आठवडे झाले तरी माझा तो राग उतरलेला नाही.

आक्का, म्हणजे त्रिशला, माझी मावसबहीण, वयानं बरीच मोठी. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा डावा पाय बारीक राहिला. पट्टे आणि लोखंडी सळ्यांचा आधार बांधून ती चालायची. लग्न केलं नाही. वडलांच्या मागं निपाणीतली तंबाखूची वखार तिनं आणि धाकट्या भावानं, बाहुबलीअण्णानं, सांभाळली. खरं सांगायचं तर तिनंच. शेतकऱ्याशी मराठीत, चिक्कोडीकडच्या दलालाशी कन्नडात आणि बँकेच्या साहेबाशी इंग्रजीत ती एकाच सुरात भांडायची. पन्नाशी उलटल्यावर तिनं गोव्यातल्या एका माणसाकडून ती गाडी आणली. अमेरिकन बनावटीची, आठ सिलिंडरची, लांब नाकाची, काळी. क्लच नसलेली, म्हणजे ऑटोमॅटिक. डाव्या पायाला काम नको म्हणून ऑटोमॅटिक, हे सगळ्यांना पटलं. पण एवढ्या दांडग्या इंजिनाची कशाला, ते कुणालाच पटलं नाही. अण्णा तर म्हणाला, "ह्या वयात, ह्या पायानं? लोक काय म्हणतील?" आक्का म्हणाली, "लोकांना मागं बसवून फिरवते की."

रस्त्यावर मात्र ती गाडी कधीच पळवायची नाही. एकदा आम्ही दोघी खानापूरवरून गुंजीला गेलो, तर भाताच्या पेंढ्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरमागून कितीतरी वेळ गुरगुरत चाललो होतो. "काढ की पुढं," मी वैतागून म्हटलं. "रस्ता त्याचाबी हाय," ती म्हणाली. तिला पळायचं होतं ते फक्त धावपट्टीवर. हायवेपासून आत एक जुनी खाजगी विमानपट्टी आहे. तिथं अधूनमधून ड्रॅग रेस भरायची. वळण नाही, काही नाही. सरळ पाव मैल. हिरवा दिवा लागला की सुटायचं, आणि पलीकडच्या टोकाला फलकावर वेळ उमटायची. तिची गाडी तेरा सेकंदांच्या आत जायला हवी, असं तिनं ठरवलं होतं. आणि ती जात नव्हती.

पहिल्या वेळी तिथली माणसं हसली होती. "मॅडम, ऑटोमॅटिक आहे, गाडीच पळते. तुम्ही नुसतं बसायचं." आक्का म्हणाली, "मग तुम्हीच बसून बघा की." नुसतं बसून वेळ कमी होत नाही, हे मला तिच्यामुळं कळलं. तिनं स्टेपनी काढली, मागची सीट काढली. मागच्या टायरांतली हवा थोडी उतरवली, म्हणजे रबर जमीन घट्ट धरतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये बॉनेट उघडं ठेवून ती इंजिन निववत बसायची. लोक चहा प्यायला जायचे, ही छत्री धरून इंजिनापाशी. प्रत्येक गोष्टीनं वेळ किंचित उतरायची, आणि मग अडायची. अडायची ती सुरुवातीलाच. ऑटोमॅटिक गाडी जोरात सोडायची तर दोन्ही पाय लागतात. डाव्या पायानं ब्रेक घट्ट दाबून धरायचा, उजव्यानं इंजिनाला जोर चढवायचा, आणि दिवा लागला की ब्रेक सोडून द्यायचा. ज्या पायासाठी ऑटोमॅटिक घेतली, तोच पाय इथं लागत होता! तिनं प्रयत्न केला. गाडी ब्रेकला जुमानत नव्हती, दिव्याआधीच पुढं सरकायची आणि फेरी बाद व्हायची. गाडीतून उतरून ती पायाचा पट्टा आवळत बसायची, माझ्याकडं न बघता.

मग तिनं हँडब्रेक धरला. तो मागची चाकं अडवतो, आणि तो हाताचा. मेस्त्रीकडून तिनं आतले लायनर नवे घालून घेतले, केबल ताणून घेतली आणि वखारीच्या आवारात सकाळच्या वेळी तो किती जोर पेलतो ते बघत राहिली. आवाजानं पारवे उडायचे, अण्णा आतून ओरडायचा. इतकं करून पट्टीवर गेलो, तर तपासनीस म्हणाला, "हँडब्रेकवर स्टार्ट चालत नाही." मी वकील, नियम दाखवा म्हटलं. नियमात तसं काही नव्हतं. "नसेल लिहिलेलं, पण आम्ही देत नाही," तो म्हणाला. आम्ही परत आलो. पुढच्या खेपेला त्या जागी दुसराच माणूस होता. त्यानं ब्रेक ओढून पाहिला आणि जा म्हणून हात हलवला. बस्, एवढंच! एवढ्यासाठी तिचा अख्खा हंगाम वाया गेला होता.

त्या सकाळी हवा गार होती. मी कुंपणापाशी मोबाइल धरून उभी होते. हिरवा दिवा लागला, गाडी मागच्या चाकांवर बसल्यासारखी झाली आणि सुटली… टायर घसरला नाही, नाक डगमगलं नाही. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण ती फेरी वेगळी होती हे मलासुद्धा कळलं. मी फलकाकडं पाहिलं. फलक कोरा होता. पलीकडच्या टोकाची वायर निघाली होती. आधीच्या गाड्यांच्या वेळा बरोबर आल्या, वायर जोडल्यावर नंतरच्याही आल्या. तिचीच तेवढी नाही. एका पोरसवदा स्पर्धकानं माझ्या मोबाइलवरचं चित्रण पुढंमागं करून पाहिलं आणि ओरडला, "आंटी, तेराच्या आत!" आक्कानं मान हलवली. "मोबाइलचं घड्याळ आणि पट्टीचं घड्याळ एक न्हवं. फलकावर आलं न्हाय ते झालंच न्हाय." फेरी पुन्हा घ्या म्हणाले. इंजिन निवायला वेळ द्या, एवढंच तिनं मागितलं. रांग आहे म्हणून तोही दिला नाही. तापल्या गाडीनं सुटली, टायर घसरला, तेराच्या वर कणभर.

येताना संकेश्वरजवळ चहाला थांबलो. कपाला हात न लावता ती म्हणाली, "मी चुकले असते तर चाललं असतं गं, सुमे. मी चुकले न्हाय."

त्यानंतर रेस भरलीच नाही. तारीख यायची, पुढं जायची, पुन्हा यायची. परवानगी नाही, पाऊस आहे, पट्टीच्या मालकाचं काही आहे… त्याच काळात तिचं पोट दुखायला लागलं. पित्त म्हणून गोळ्या खाल्ल्या, त्यात महिने गेले. खरा आजार कळला तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. दवाखान्यात मी गेले की ती तब्येतीचं बोलायची नाही. "तारीख आली?" एवढं विचारायची. नाही म्हटलं की भिंतीकडं तोंड करायची. शेवटी शेवटी मला खोटं सांगावंसं वाटायचं. पण तिला खोटी वेळ नको होती, मग खोटी तारीख कुठून चालली असती?

परवा निपाणीला गेले तर वखारीत गाडी बघायला पुण्याचा एक जण आलेला होता. गाडीभोवती फिरून त्यानं विचारलं, "ऑटोमॅटिक ना? पळते किती?" अण्णा एकदाही पट्टीवर आला नव्हता. एक फेरी त्यानं पाहिली नव्हती. तो म्हणाला, "तेराच्या आत. आमच्या भैनीनं न्हेल्ती." माझ्या ओठांवर आलं होतं, की अण्णा, फलकावर नाही ते, आणि हे तिच्या समोर म्हणायला काय झालं होतं तुला? पाहुणा म्हणाला, चालवून दाखवा. अण्णा एकदम म्हणाला, "न्हाय. द्यायची न्हाय ती."

तो माणूस गेल्यावर बॅटरी उतरू नये म्हणून अण्णा गाडी सुरू करायला आत बसला. आक्का बुटकी, तिची सीट पार पुढं ओढलेली. सहा फुटी अण्णाचे गुडघे स्टिअरिंगला टेकले, मान छताखाली वाकली. मी खिडकीपाशी जाऊन म्हटलं, "सीट मागं घे की, अण्णा."

"असू दे," तो म्हणाला, आणि तसाच अवघडून, इंजिन चालू ठेवून बसून राहिला.