मच्छरदानीचा चौथा कोपरा

वरठीच्या स्टील प्लांटात तेजरामला आता नावाने कोणी हाक मारत नाही. "काय कोपरेवाले, चारही बांधले का?" असं विचारतात आणि गेटवरचे सगळे हसतात. तोही हसतो. दुसरं काय करणार? हसवणारा माणूस रुसला तर लोक अजूनच हसतात.

हे सुरू झालं धम्मदीपमुळे. धम्मदीप शाळेत मास्तर, आणि सुट्टीत मोबाइलवर सिनेमे काढायचा नाद. तेजराम त्याचा हुकमी विनोदी नट. धोतर सुटणारा सासरा, दारू पिऊन म्हशीशी भांडणारा सरपंच, असली कामं त्याने डझनाने केली. मग मास्तरच्या डोक्यात गंभीर सिनेमाचं खूळ शिरलं. म्हातारी मरते, म्हातारा मागे राहतो. म्हातारा अर्थातच तेजराम. पण शोकाचा प्रसंग काही केल्या जमेना. तेजराम रडायला लागला की बघायला जमलेली मंडळी दात काढत.

"निस्तं रडून नाही चालत भाऊ," धम्मदीप कावला. "लोकं मोबाइल बंद करतीन. थोडंसं हसू पायजे, अन् हसता हसता गळा दाटला पायजे."

तेव्हा तेजरामच्या तोंडून ते वाक्य निघालं. "मच्छरदानीचे तीन कोपरे मी बांधत होतो, चवथा तुह्यासाठी ठेवत होतो. आता चारही मीच बांधू का वो?" मंडळी फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. धम्मदीपने डोळे पुसले.

वाक्य तेजरामचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दिघोरीला त्याचे भाऊजी गोमाजी वारले, तेव्हा त्याची मोठी बहीण वच्छला मयताजवळ बसून बोलून बोलून रडली होती, गावातल्या बाया रडतात तशी. रोज तीन कोपरे गोमाजी बांधायचे आणि चौथा मुद्दाम बायकोसाठी सोडायचे, हे साऱ्या गावाला त्या दिवशी कळलं. तिचा हेल, मधला हुंदका, शेवटचं ते लांबवणं, तेजरामने काहीच बदललं नव्हतं. नवऱ्याच्या जागी बायको केली, तेवढंच.

सिनेमा फोनाफोनी फिरला. लोक वाहवा करत आणि तेजरामला घास गोड लागेना. बहिणीकडे साधा फोन, एवढीच काय ती आशा. पण आशेवर किती दिवस काढणार? दुसऱ्याकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून तो दिघोरीला निघाला. वाटेत त्याने माफीची तीन वाक्यं जुळवली. तिन्ही त्याला नाटकी वाटली.

वच्छला ओसरीत तांदूळ निवडत होती.

"बाई, माह्याकडून एक चुकी झाली," तो म्हणाला.

"पायला तुहा सिनेमा. धानाच्या रोवण्यातल्या बायांनी दाखवला."

तेजरामची मान खाली गेली. "लोकं तुह्यावर हसत असतीन."

"हसतेत. मीबी हसली. तुहे भाऊजी होतेच तसे. रडता रडता मलेच हसू येऊन रायलं होतं त्या दिवशी."

तेजरामला हायसं वाटलं. माणूस स्वतःला किती लवकर माफ करून टाकतो! आता चहा मागावा, असं त्याच्या मनात आलं.

"पण एक सांग," वच्छला म्हणाली. "तू माह्या बाजूले मान खाली घालून बसला होता. मले वाटलं, माहा भाऊ रडून रायला. तू ध्यानात ठेवून रायला होता का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्या दिवशी पाणी आणायला म्हणून विहिरीवर गेलो आणि विसरू नये म्हणून ते वाक्य दोनदा पुटपुटलो, हे त्याला चांगलंच आठवत होतं. तेव्हा मयत अजून घरातच होतं.

"हो बाई."

वच्छलाने सुपातला खडा काढून अंगणात टाकला.

"मंग आता तुह्यासमोर रडाले भेव वाटते मले," ती म्हणाली.