विनूआत्याची बिनशिट्टीची सफर

विनूआत्या भूगोल शिकवायची. तिच्या विद्यार्थिनी अजून सांगतात, बाईंनी छडीचं टोक नकाशावर ठेवलं की वाटायचं, या कालच्याच गाडीनं तिथून परतल्यात. "हे श्योपूर. इथे छोटी रेल्वे जाते. इतकी हळू, की उतरून बोरं तोडून परत चढता येतं." मुली हसायच्या. खरी गोष्ट अशी होती, की तिशीला टेकलेली ही बाई उज्जैनच्या बाहेर एक रात्रसुद्धा घरच्या माणसाशिवाय राहिली नव्हती.

आणि छप्पन साली नेमकं श्योपूरच तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. तिथल्या मुलींच्या शाळेला हेडमिस्ट्रेस हवी होती. तपासणीला आलेल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "विनोदिनीबाई, तुमचं नाव मी सुचवलंय. पण दिवाळीच्या आत हो की नाही ते कळवा. एक नोव्हेंबरला मध्यभारत राज्य संपणार, फायली भोपाळला जाणार. तिथे कोण मला ओळखतं अन् कोण तुम्हाला?"

तिनं घरी येऊन तात्यांना सांगितलं. तात्या म्हणजे तिचे वडील. ग्वाल्हेर सरकारच्या दफ्तरातून निवृत्त झालेले, मितभाषी, बायको गेल्यापासून आणखीच. त्यांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "तुला निभेल?"

"तेच तर माहीत नाही."

"मग मी काय सांगू? बघ बाई."

बघायचं कसं, याचा तिनं आठवडाभर विचार केला आणि एक युक्ती काढली. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत सायकलनं बाहेर पडायचं. उज्जैनहून देवास, देवासहून इंदूर, आणि सांवेरवरून परत घरी. परक्या गावात पाठ टेकायची. झोप लागली तर श्योपूर. नाही लागली तर आपली हीच शाळा अन् हाच फळा.

सायकल तिच्याकडे होती. फ्रीगंजच्या दुकानातून घेतलेली, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावलेली. प्रश्न एवढाच होता, की जायचं कुणाबरोबर.

"भय्यासाहेबांच्या सफरीत जा. यंदा त्यांची वाटही हीच आहे," तात्या म्हणाले.

भय्यासाहेब पूर्वी शिंदे सरकारच्या रिसाल्यात होते. राज्य विलीन झालं, घोडा गेला, तेव्हा त्यांनी सायकल धरली. दर सुट्टीला ते दहापंधरा मंडळींना घेऊन निघत. पुढे स्वतः, मध्ये बायका, मागे तरुण पोरं. आचारी आणि वळकट्या मोटारीनं आधीच रवाना. एक शिट्टी म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे पाणी प्या.

"तात्या, ती काय सफर आहे? कवायत आहे ती," सुलू म्हणाली. सुलू विनूआत्याच्याच शाळेत कसरत शिकवायची. वयानं लहान, तोंडानं मोठी. विनूआत्याबरोबर येणार हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"कवायतीत कुणी हरवत नाही," तात्या म्हणाले.

"अन् कुणाला काही सापडतही नाही! विनूताई, तू सांग नं. तुला बघायचंय काय? आपलं आपल्याला निभतं का. मग शिट्टीवर पाणी पिऊन ते कसं कळणार? आपण दोघीच जाऊ."

विनूआत्या ओसरीवर सायकल उलटी ठेवून घासलेटच्या फडक्यानं साखळी पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अगं, पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतातच नं?"

"डबा बांधून बुडालेले पण पाहिलेत मी क्षिप्रेत."

"आणि रस्त्यात चाक बसलं तर? मुक्कामाला जागा नाही मिळाली तर? कुणी विचारलं, कुठल्या तुम्ही, कुणाच्या, तर?"

"तर सांगू नं! तोंड काय घरी ठेवून जाणार आहेस?"

तात्यांनी पिंक टाकली. "सुलू, तुझं तोंड तिला उसनं दे, मग मी सोडतो दोघींना."

विनूआत्या हसली, पण तिनं ठरवलं ते भय्यासाहेबांचंच. भीतीपोटी ठरवलं, हे तिनं पुढे कधी लपवलं नाही. म्हणायची, "बंदोबस्त असला की माणसाला आपली भीती दिसत नाही. म्हणून तर बरा वाटतो."

कोजागरी झाल्यावर एका पहाटे सफर निघाली. हवेत गारवा, दोन्ही बाजूला ज्वारी, पुढे भय्यासाहेबांची खाकी पाठ. देवासच्या अलीकडे एक म्हातारी रस्त्याच्या कडेला पाटीभर जाम घेऊन बसली होती. पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात, ते आमचे जाम. पिवळेधमक, वास थेट नाकात.

"भय्यासाहेब, जाम!" मागून सुलू ओरडली.

एक शिट्टी. म्हणजे चला.

"ओ भय्यासाहेब!"

पुन्हा एक शिट्टी, जरा लांब. म्हातारी मागे पडली. तिनं हात हलवून विचारलं, "कां जई रिया हो, बई?" कुठे निघालो, हे सांगायलाही कुणी थांबलं नाही. सुलूनं दिवसभर तोंड फुगवलं.

आता देवासचं एक सांगायला हवं. गाव एक, दोन देवींची टेकडी एक, पण गादी दोन भावांची. म्हणून संस्थानं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. बाजारातला रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. भय्यासाहेबांच्या घराण्याची दोन्ही पात्यांतल्या एकेका घराशी सोयरीक होती. त्यामुळे त्यांच्यात रीत पडून गेलेली, देवासला जायचं तर निरोप दोन्ही घरी द्यायचा. मग दोन्हीकडचे जुने कारभारी आपसांत ठरवत, की यंदा जेवण कुणाकडे. दुसऱ्या घरून नुसती पानसुपारी यायची. मान दोघांचा राहायचा, पोट एकाच ठिकाणी भरायचं.

भय्यासाहेबांनी रीतीप्रमाणे दोन्ही घरी निरोप धाडला. पण संस्थानं विलीन होऊन वर्षं लोटली होती. एक कारभारी देवाघरी गेला होता, दुसरा मुलाकडे नागपूरला. जेवण कुणाकडे हे ठरवणारं कुणी उरलंच नव्हतं.

दुपारी सफर देवासच्या चौकात पोचली, तर तिथे दोन छत्र्या उभ्या. एका छत्रीखाली थोरल्या पातीचे बापूसाहेब, दुसऱ्या छत्रीखाली धाकट्या पातीचे गोपाळराव. मध्ये एक गाय.

"या भय्यासाहेब," बापूसाहेब म्हणाले, "पानं मांडलीयेत."

"मांडली असतील," गोपाळराव म्हणाले. "आमच्याकडे तूप पण पडलंय."

"तूप पडलंय म्हणजे? निरोप आम्हाला आहे."

"आम्हाला काय वाऱ्यानं कळलं?"

"पुरण वाटलंय हो आमच्यात!"

"मग आमच्यात काय माती वाटलीय?"

दोघांनीही भय्यासाहेबांकडे पाहिलं. भय्यासाहेबांच्या तोंडात शिट्टी तशीच होती. श्वास टाकला की ती बारीकशी पीं करायची, श्वास घेतला की गप्प. पीं. गप्प. पीं. ज्या माणसानं कुठे पाणी प्यायचं ते ठरवून दिलं होतं, त्याला डावीकडे वळायचं की उजवीकडे ते कळेना. एकाकडे जावं तर दुसरं घर जन्माचं तुटणार. सगळी सफर उन्हात एका पायावर सायकली तोलून उभी.

"विनूताई," सुलू कुजबुजली, "हा तुझा डबा तर बुडून राहिलाय."

विनूआत्या सांगायची, "मला कुणी पुढे केलं नाही. माझे पायच पुढे गेले. वर्गात दोन मुली भांडायला लागल्या की जातात नं, तसे." तिनं सायकल सुलूच्या हातात दिली, पदर नीट केला आणि दोन्ही छत्र्यांच्या मध्ये, गाईच्या जागी जाऊन उभी राहिली.

"बापूकाका, गोपाळकाका, नमस्कार करते. चूक आमची. आमचा नेम सांगायचा राहिला."

"कसला नेम?"

"टेकडीवरच्या दोन्ही देवींचं दर्शन झाल्याशिवाय आम्ही कुणाच्या उंबऱ्याच्या आत जेवत नाही. आणि दर्शन झालं, की टेकडीच्या पायथ्याशीच प्रसाद म्हणून जेवतो. जे येईल ते, ज्या घरचं येईल त्या घरचं."

असा नेम कुणाचाच नव्हता. भय्यासाहेबांनी तोंडातली शिट्टी काढली आणि म्हणाले, "हो. नेम आहे. जुना आहे."

टेकडी दोन्ही पात्यांची. तिला कोण नाही म्हणणार? सफर वर चढून उतरेपर्यंत दोन्ही घरांची पातेली पायथ्याच्या चिंचेखाली आली. मागोमाग दोन्ही घरच्या बायका. थोरल्या घरच्या अक्कासाहेबांनी धाकट्या घरची आमटी बोटानं चाखली.

"तुमच्यात गुळाचा हात सढळ असतो, ऐकून होतो."

"आणि तुमच्यात मिठाचा," धाकट्या घरच्या काकी म्हणाल्या. "राज्य गेलं, तेवढी खूण राहिली."

"वाढू का आणखी?"

"वाढा. खरंच खारट आहे का ते नीट बघते."

एका घरचं जास्त आणि दुसऱ्याचं कमी खाल्लं असं दिसायला नको, म्हणून सफरीतल्या प्रत्येकानं दोन्हीकडचं पोटभर खाल्लं. दोन घरच्या पुरणपोळ्या, दोन घरचं तूप. रात्री बायका थोरल्या घरी झोपल्या, पुरुष धाकट्या घरी. विनूआत्याला झोप लागली, पण ती तिनं धरली नाही. "अक्कासाहेबांनी पायाला तेल चोळून दिलं. ते तर घरच झालं."

सकाळी निम्मी सफर पोट धरून पडलेली. भय्यासाहेब भिंतीला टेकून बसले होते, हातात लिंबाचं सरबत.

"सफर खतम," ते क्षीण आवाजात म्हणाले. "सगळे मोटारीनं परत. सायकली टपावर."

  सुलूनं विनूआत्याकडे पाहिलं.

विनूआत्या अंगणात गेली. सायकलच्या चाकातली हवा अंगठ्यानं दाबून पाहिली. घंटी वाजवून पाहिली. भैरवगढच्या छापाच्या चादरीत आपले दोन कपडे गुंडाळून मागे बांधले. पहिली गाठ सुटली, म्हणून ती दोनदा मारावी लागली. मग आत येऊन म्हणाली, "भय्यासाहेब, आम्ही दोघी पुढे जातो."

"पुढे? कुणाबरोबर?"

"एकमेकींबरोबर."

"अगं, तात्यांना मी काय तोंड दाखवू?"

"सांगा, विनू पुढे गेली."

 भय्यासाहेबांनी गळ्यातली शिट्टी काढून पुढे केली. "ही तरी ठेव."

"नको. दोघीच तर आहोत. हाक मारली तरी ऐकू येईल."

दोघी इंदूरच्या रस्त्याला लागल्या. पहिल्या झाडापाशी विनूआत्याला वाटलं, परत वळावं. दुसऱ्या झाडापाशी वाटलं, पुढच्या झाडापाशी ठरवू. मग एक म्हातारा जाम विकताना दिसला. दोघींनी एकदम ब्रेक दाबले. सायकली झाडाला टेकवून, तिखटमीठ लावून, हनुवटीवरून रस गळेपर्यंत त्यांनी जाम खाल्ले. "कुणी थांबा म्हटलं नाही आणि कुणी चला म्हटलं नाही," विनूआत्या सांगायची. "त्या तिखटानं डोळ्यात पाणी आलं, असं मी सुलूला सांगितलं."

इंदूरला धर्मशाळेच्या मुनीमानं चष्म्यावरून पाहिलं. "बाई, साथ में कौन है?"

विनूआत्यानं सुलूकडे बोट केलं. "ये."

"और इनके साथ?"

"मैं."

"मतलब... कोई और नहीं?"

सुलू तोंड उघडणार, तेवढ्यात विनूआत्याच बोलली. वर्गातल्या आवाजात, तो नकाशावरच्या छडीचा आवाज. "दो सायकिलें हैं. उन्हें भी अंदर रखना है. कहाँ रखूँ?"

मुनीम उठला आणि त्यानं जागा दाखवली. बस, एवढंच. कुठल्या तुम्ही, कुणाच्या, हे त्यानं विचारलं नाही. ज्या प्रश्नाला ती इतकी वर्षं घाबरून होती, तो त्यानं विचारलाच नाही.

खोलीत एक खिडकी, दोन चटया. सुलू म्हणाली, "विनूताई, आता झोप लागते का बघ, नाहीतर श्योपूरचं..." तिनं वळून पाहिलं तर विनूआत्या घोरत होती.

परतीच्या दिवशी सांवेर मागे पडलं, उन्हं कलली, आणि फ्रीगंजच्या पुलावर तात्या दिसले. टोपी नाही, हातात छत्री, आणि तोंडात पान नाही. भय्यासाहेब परतल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ तिथे येऊन उभे राहत, हे नंतर पानवाल्यानं सांगितलं.

विनूआत्या उतरली. तात्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग सायकलला.

"साखळी सैल झालीय," ते म्हणाले.

"हो."

"जेवलात?"

"पोटभर."

"बरं." त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. इतका मोठा, की सुलू म्हणाली, तात्या, पूल हलला. मग ते विनूआत्याकडे न बघता म्हणाले, "झोप?"

"घोरत होती!" सुलू म्हणाली. "मुनीम दार वाजवायला आला होता."

तात्या हसले. बायको गेल्यापासून ते असे हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिघं पुलावरून उतरून चालू लागली. विनूआत्याच्या अंगातून काहीतरी जड उतरून गेलं होतं, सायकलसुद्धा हलकी लागत होती.

"उद्या बाईंना हो म्हणून कळवते," ती म्हणाली.

"कळव. श्योपूरला आपले एक ओळखीचे होते, दफ्तरातले. आणि एक तुझ्या आईच्या माहेरकडचे. निरोप धाडून ठेवतो दोघांनाही."

विनूआत्या मध्येच थांबली. "तात्या, निरोप धाडा. पण एकाच घरी."