रांगेतली शेवटची

गडमुडशिंगीत मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. सैन्यात चोवीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो, नायब सुभेदार होऊन घरी आलो. पण हे गावात कुणाकुणाला समजावत बसायचं? आणि खरं बोलायचं तर ते डॉक्टर म्हणणं मलाही गोड लागायचं.

दर रविवारी सकाळी आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात रांग लागायची. बीपी बघायचं, साखर बघायची, सगळं फुकट. मी खुर्चीत ताठ. कुणी मध्येच घुसला की खेकसायचो, "ए पावणं, लायनीत! हे काय एस्टीचं दार हाय व्हय?" आणि दंडाला पट्टा आवळता आवळता माझी ठरलेली गोष्ट सुरू व्हायची. बर्फात आमची गाडी दरीत गेली होती, ती. एक जवान पाय मोडून आईच्या नावानं बोंबलत होता. त्याला ओलांडून मी पुढं गेलो, कडेला गुमान पडलेल्याकडं. त्याचा हात गार, घामानं चिकट. आतल्या आत रक्त वाहत होतं. तो वाचला. "ध्यानात ठेवा," मी सगळ्यांना सुनवायचो, "बोंबलतोय त्यो जगतोय. गप हाय त्याच्याकडं आधी पळायचं."

माझ्या बायकोनं ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल, देव जाणे. दोन्ही पोरी झाल्या तेव्हा मी सीमेवर. माझ्या आईबापाचं शेवटपर्यंतचं दुखणं-खुपणं तिनंच काढलं. म्हैस, डेअरीचं दूध, पोरींच्या शाळा, सगळं एकटीनं रेटलं. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "हिकडं समदं ब्येस हाय. तुमी जपा."

त्या रविवारी धार काढून आली आणि म्हणाली, "पाठ लई भरून आलीया वो. पित्त उसळलंय जणू."

"भारा उचलला असशील गवताचा. डब्यातली गोळी घे."

तिनं गोळी घेतली. थोड्या वेळानं बघतो तर रांगेच्या शेवटी, शेजारच्या म्हातारीच्या मागं, भिंतीला टेकून ही बसलेली. मी घरी आल्यापासून इतक्या वर्षांत ती कधी त्या रांगेत बसली नव्हती. तेवढ्यावरून माझं टाळकं जागं व्हायला हवं होतं. मला हसू आलं!

"आगं, तूबी पेशंट व्हय? मग ह्यास्नी च्या कोण दील, मी?"

अख्खा सोपा हसला. तीही हसली. पदर सावरून उठली आणि आत गेली. चालत गेली ना, मग हिला काय धाड भरलीय, असं माझं गणित. चालणाऱ्याला मागं ठेवायचं, हे नोकरीनं हाडात भिनवलेलं.

चहा आला. गोष्ट दरीपर्यंत पोचली होती. मी न बघताच हात पुढं केला, कप घेतला. बाकीच्यांना देऊन ती ट्रे घेऊन आत वळली आणि भांडी पडल्याचा आवाज झाला.

ती गॅसच्या कट्ट्याखाली पडली होती. मी छाती दाबायला लागलो. तीस दाब, दोन श्वास. शेजाऱ्याच्या गाडीत, कोल्हापूर येईपर्यंत दाबत राहिलो. माझ्या तळव्याखाली तिची बरगडी मोडली, ती मला कळली. दवाखान्यातल्या तरण्या डॉक्टरनं माझं मनगट धरून बाजूला केलं. "काका, बास आता," म्हणाला. कैक जवानांना मीही असंच त्यांच्या गेलेल्या दोस्तापासून बाजूला केलंय.

थोरल्या पोरीनं रडत विचारलं, "पप्पा, आईचं बीपी शेवटचं कधी बघितलंत?" लोक नशीब म्हणत होते. नशीब कसलं डोंबलाचं!

तेराव्याला शेजारची म्हातारी माझ्यापाशी येऊन टेकली. मग म्हणाली, "डॉक्टर, त्या दिवशी च्या देताना तिचा हात लागला बघा मला. बरफागत गार, आन् वल्ला. म्हनलं, इचारावं. पर घरातच डॉक्टर हाय की, त्यास्नी कळलं नसंल व्हय, म्हनून गप बसले."

म्हातारीच्या आधी त्याच हातातून मी कप घेतला होता.