उघड्या अंगाचा नवरदेव

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात अंगातला शर्ट काढला म्हणून ज्याचा अभिमान वाटावा असा एकच माणूस आहे, आणि तो माझा आतेभाऊ आहे. लोकांचे भाऊ कलेक्टर होतात, परदेशात जातात. जाऊ देत बापडे. माझ्या भावानं चाळिशीला टेकल्यावर भर मांडवात छाती उघडी केली, हे मी आजही कुणी न विचारता सांगतो.

त्यात काय एवढं, असं म्हणणाऱ्यानं आधी वणीचा उन्हाळा काढून दाखवावा. वरून ऊन, खालून कोळशाची धूळ, आणि हा गडी दोन बनियन, त्यावर शर्ट आणि त्यावर जाकीट घालून हिंडायचा! मिसरूड फुटायच्या वयात त्याच्या छातीवर चरबी चढली ती उतरलीच नाही. बाकी अंगानं सडपातळ, पण नाल्यावर पोहताना कुणीतरी "बाईवानी दिसते" म्हणून हसलं, आणि तेव्हापासून त्यानं सख्ख्या आईसमोरसुद्धा शर्ट काढला नाही. हे फक्त मला ठाऊक होतं. बाकीचं जग जाकिटामुळे त्याला पुढारी समजायचं. कापसाच्या भावानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, त्या दिवसांत खरेदी केंद्रावर कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, अडल्या की लोक धावत यायचे, "भाऊ, तुमी चाला." आणि हा जायचाही! साहेबाशी असा तावातावानं भांडायचा की संध्याकाळच्या आत माप सुरू व्हायचं. पुढारीपणाचा एक पैसा त्यानं कधी खाल्ला नाही, हेही सांगून ठेवतो.

लग्नाचं मात्र नाव काढायचं नाही. आत्यानं स्थळ आणलं की ठरलेलं उत्तर, "औंदा कापसाले भाव नाई, पुढच्या साली पाहू." त्या वर्षांत घरोघरची लग्नं अशीच लांबत होती, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. खरं कारण होतं हळद. आमच्याकडे नवरदेवाला उघड्या अंगानं पाटावर बसवतात आणि सगळं गाव येऊन हळद चोळतं. "मले फाशी दे, पण त्या पाटावर नको बसवू," असं तो मला एकदा म्हणाला होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

मग बोरी अरब गावची एक शिक्षिका सांगून आली. बघण्याच्या कार्यक्रमात तिनंच विचारलं, "एवढ्या उन्हात जाकीट काहून घालता?" काय झालं देव जाणे, गड्यानं सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मले काही फरक पडत नाई. तुमाले पडत असंन तं इलाज करून घ्या." परतीच्या एसटीत भाऊ खिडकीबाहेर बघत एकटाच हसत होता.

नागपूरला सोबत मीच गेलो. नळीनं चरबी ओढून काढणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. भावानं इतके प्रश्न विचारले की डॉक्टरांचा चहा पार निवला. घरी आईला त्यानं एवढंच सांगितलं, की लहानसं ऑपरेशन झालं, घट्ट पट्टा बांधून ठेवायचा, जड उचलायचं नाही, आराम करायचा. आता आत्याच्या माहितीत अशी अवस्था एकाच प्रकारच्या माणसाची होते! तिनं लगेच डिंकाचे लाडू वळले, अळिवाची खीर शिजवली, गल्लीतल्या बाया विचारपूस करायला वाटीभर तूप घेऊन आल्या. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली तेव्हा मी ओरडलो, कारण त्याची छाती बधिर होती, भाजलं असतं तरी कळलं नसतं. शेवटी वैतागून तोच बोलला, "माय वं, डाक्तरनं काढलेली चरबी तू परत भरून राह्यली!"

असं बिंग फुटलं. आता हा तोंड लपवेल असं मला वाटलं. पण नाही! दुसऱ्याच आठवड्यात टपरीवर याचं भाषण सुरू. "पह्यले सुजते, मंग निळं पडते, मंग पिवळं. चार दिवसांत सलमान होत नाई बाप्पा, महिने लागते." पोट सुटलेले किराणावाले काका आशेनं जवळ सरकले तर त्यांना म्हणाला, "काका, हे वजन उतरवाचं काम नोहे. तुमी जेवण कमी करा." लोक हसले, पण त्याला हसले नाहीत. हे सगळं आत्याच्या कानावर गेलं, आणि तिनं उरलेले लाडू गल्लीत वाटून टाकले.

हळदीच्या दिवशी माझीच छाती धडधडत होती. त्याच्या छातीला एका बाजूला अजून थोडी सूज होती, दुसरीकडे बारीकसा खड्डा, काखेजवळ दोन व्रण. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शर्ट काढून पाटावर बसला. शाब्बास रे पठ्ठ्या! मांडवात कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. जो तो एकमेकांना हळद फासण्यात दंग.

पाहिलं ते आत्यानं. हातातली वाटी तशीच धरून ती पुढे आली, आणि त्याच्या छातीवर तळहात ठेवून हळूच म्हणाली, "माह्यापासून काहून लपवलं रे? मीच तं तुले न्हाऊमाखू घातलं होतं."

त्यानं फक्त तिचा हात तसाच धरून ठेवला.