खालचीनं आवाज द्यायचा

"हात काढ त्या मिरचीमाईन."

"नही काढस."

"काजल, परवा गाडी शे तुन्ही."

"माले म्हाईत शे."

"मंग?"

"मंग काय. देठ खुडी ऱ्हायनू. तू नही का खुडत?"

"मी खुडस. मन्हा हातले कोनी इचारत नही."

धानोऱ्यात भाईदासच्या अंगणात लाल मिरचीचा ढीग होता आणि ढिगाच्या दोन बाजूंना त्याच्या दोघी मुली. मोठी ममता, चोवीस वर्षांची. धाकटी काजल, अठराची, दोन्ही हात मनगटापर्यंत मिरचीत घालून बसलेली. सहा वर्षांत या घरात असं घडलं नव्हतं.

काजल दोराच्या मल्लखांबात राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचलेली मुलगी. मिरची खुडलेल्या हातानं दोर धरला, की तिखट दोराला लागतं. तोच दोर मग मांडीला, बगलेत, मानेला घासतो. एकदा तसं झालं होतं. पोरगी अर्ध्या दोरावरून रडत खाली आली होती. तेव्हापासून घरात कायदाच झाला: काजलच्या हाताला मिरची लागू द्यायची नाही. ठेचासुद्धा तिला चमच्यानं वाढायचा. आता हात घातला म्हणजे दोन दिवस दोर बंद, आणि परवा स्पर्धेसाठी उज्जैनची गाडी. पोरगी काय सांगते आहे, ते अंगणातल्या कोंबडीलाही कळलं असतं.

"मी उज्जैनले जात नही," काजल म्हणाली.

"कोन म्हने?"

"मी म्हनस."

"मी म्हनस, म्हने." ममतानं तिची नक्कल केली, मान वेळावून, अगदी तिच्याच आवाजात. "राणीसाहेब म्हनतस. आनी बठा नंदुरबारनी फोडाले आनेल फटाका परत करा."

ओट्यावरून त्यांची आई धनुबाई म्हणाली, "ममता, तुन्ही जीभ मिरचीपेक्षा तिखट शे. लहान बहीण शे ती. तुन्हा मनमा कसानी अढी शे वं?"

अढी. धनुबाईला मनातली अढी म्हणायची होती. पण या घरात तो शब्द आधी दोराचा होता. दोराचा वेढा अंगाला घालून पकड बसवायची, ती अढी. ममतानं खाली बघून एक मिरची खुडली. 

ममता बसली की तिचे पाय बघावेत. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात एवढी फट, की मधून पेन्सिल जाईल. दोर तिथं धरायचा असतो. दोर सुटून आठ वर्षं झाली, फट मिटली नाही. ढिगातून एखादी मिरची घरंगळली तर ती वाकत नाही. पायाच्या त्या दोन बोटांत धरते, उचलते, टोपलीत टाकते. शेजारच्या दगूबाईची नातवंडं खास ते बघायला येतात. "ममता आत्या, परत कर ना," म्हणतात. ममता परत करते. तिला टाळ्या मिळतात त्या एवढ्याच.

सोळाव्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली होती. त्याच महिन्यात धनुबाईचं ऑपरेशन झालं, घरात भाकरी टाकायला कुणी हवं होतं, आणि भाईदास म्हणाला, "आते ममता घरमा राही." संपलं. ममतानं खेळ सोडला असं कुणी म्हटलं नाही. तिनं माघार घेतली असंही नाही. ती घरात आहे, एवढंच. तिची जागा रिकामी झाली, तशी नंदुरबारला मल्लखांब शिकवणाऱ्या ललित सरांनी विचारलं, धाकटीला पाठवता का. दहा वर्षांची काजल गेली. तिच्या मांडीला पहिली अढी ममतानं स्वतःच्या हातानं घातली. शिकवलंही तिनंच, "आकडा नको मोजू. अंगाचं नाव घे. डावी मांडी, कंबर, उजवी बगल. जशी घातली तशी उलटी सोडायची. उजवी बगल, कंबर, डावी मांडी."

मग काजलला दूध सुरू झालं. काजलला गादी आली. काजलची पदकं ठेवायला काचेचं कपाट आलं, आणि ममताच्या दोन पदकांना त्यात जागा नव्हती असं नाही, पण ती कुठं ठेवलीत ते कुणाला आठवलं नाही. पेपरात फोटो आला, काजलच्या खांद्यावर कुणाचा तरी हात दिसतो. तो हात ममताचा. बाकीची ममता कापली गेली. रोज स्कूटीवर काजलला नंदुरबारला न्यायचं, सराव होईपर्यंत दोराखाली उभं राहायचं, परत आणायचं, हे काम ममताचं. काजलच्या पोशाखाची शिलाईही तिचीच. गेल्या वर्षी कमरेला टीप मारताना तिनं सुई मुद्दाम एक बोट आत घेतली होती, पोशाख आवळावा म्हणून. मग रात्रभर तसंच ठेवून सकाळी ती टीप उसवली.

आणि आता ही पोरगी म्हणते, मी जात नाही. आणि आई तिला लहान म्हणते.

"मी बी थकेल व्हतू," ममता एकदम म्हणाली. "माले कोनी इचारं व्हतं का, बेटा तुन्हा डोकामा काय चाली ऱ्हायनं?"

"मी कोठे म्हनस की तुले इचारं व्हतं?"

"मंग तुले काबर इचारानं?"

काजलनं मिरचीतून हात काढला, मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले. "माले इचारू नका. फक्त जाऊ नको म्हना."

एवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. काजल मिरचीत हात घालून बसल्याचं कळल्यावर भाईदासनंच फोन करून ललित सरांना बोलावलं होतं. तो मळ्यातून त्यांच्यामागे बसून आला, पायाला चिखल तसाच. सर आले, ढीग बघितला, काजलचे लाल झालेले हात बघितले, आणि खाटेच्या कडेला हळूच टेकले.

"लागलंय का कुठं?"

"नाही, सर."

"ताप?"

"नाही."

"मग नाव मागं घ्यायचं तर मी कागदावर काय लिहू? संघात सहा मुली आहेत. एक कमी झाली तर पाच जणींचं गणित बिघडतं. कुणी काही बोललं का? घरात भांडण?" असं म्हणताना त्यांनी ममताकडे बघितलं. सगळे आधी तिकडेच बघतात.

"वर गेलं की मला आठवत नाही, सर. डावी कुठली, उजवी कुठली. अंग माझं आहे असं वाटतच नाही."

भाईदास हसला, पण चिडून. "आठ वरीस दोरवर चढस. आते डावी उजवी भुलनी म्हने. जेवाना टाइमले हात बराबर तोंडमा जास ना?"

"थांबा, काका," सर म्हणाले. "काजल, उभी राहा. तुझा शेवटचा झोत आहे ना, वरून सुटत खाली येतेस तो, त्याच्या अढ्या म्हण."

काजल उभी राहिली. मिरचीनं माखलेले हात अंगापासून लांब धरून तिनं डोळे मिटले आणि म्हटलं, "डावी मांडी, कंबर, उजवी बगल, मान. सोडताना मान, उजवी बगल, कंबर, डावी मांडी." एकही शब्द अडखळला नाही.

"बघ. सगळं येतंय तुला. स्पर्धेआधी असं होतंच. मला पण व्हायचं."

"दखं?" भाईदास म्हणाला. "नाटक शे."

काजल खाली बसली. बसताना ती ममताकडे बघत होती. "ताईले इचारा," ती म्हणाली. "ताईनी दखं शे. गुरवारना."

ममताच्या हातातला देठ तुटला नाही, वाकला.

गुरुवारी संध्याकाळी सरांना फोन आला होता, ते बाहेर गेले होते. आखाड्याच्या हॉलमध्ये दोघीच. काजल वर, हुकाच्या जवळ, डोकं खाली. ममता दोराखाली. आखाड्याचा नियम असा, की वरची अडकली तर खालचीनं आवाज द्यायचा. "उजवी" म्हणायचं, "कंबर" म्हणायचं, एक शब्द पुरतो. ममतानं वर बघितलं आणि तिला कळलं. काजलचे ओठ हलत होते. ती नावं घेत होती आणि नावं चुकत होती. मानेच्या आधी तिचा हात बगलेकडे गेला. ती सुटली असती तर मानेवर आली असती. ममताच्या जिभेवर शब्द तयार होता. मान. मान आधी. तिनं तो दिला नाही. तिच्या मनात दुसरा एक शब्द होता, दोनच अक्षरांचा, पड.

काजल दोन हात खाली घसरली आणि पायाच्या अंगठ्यानं कसाबसा दोर धरून लटकली. मग उतरली. मानेवर लाल वळ. सर परत आले तेव्हा ती ओढणी गुंडाळून पाणी पीत होती. घरी येताना स्कूटीवर काजल मागे बसली, ममताच्या कमरेला हात न लावता, मागचा दांडा धरून. 

"ममता?" सर विचारत होते. "गुरुवारी काय झालं?"

ममताला फार सोपं होतं. काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. मग काजल परवा गाडीत बसली असती. जिंकली असती तर आणखी एक पदक कपाटात. पडली असती तर. ममतानं ते वाक्य मनात पुरं केलं नाही. आणि खरं सांगितलं, तर हीच काजल उद्यापासून या अंगणात बसणार, सगळे तिच्या डोक्यावरून हात फिरवणार, बिचारी, केवढा ताण आला पोरीला. ममताला माघार घेता आली नव्हती, कारण तिला कुणी पुढं जाऊच दिलं नव्हतं. हिला माघारही मिळणार. वाजतगाजत.

काजल पुन्हा देठ खुडायला लागली होती. तिला ते येत नव्हतं. देठाच्या टोपीपासून खुडायचं सोडून मिरची मधेच मोडत होती, बिया बोटांना लागत होत्या. आता आग होत असणार. तरी ती खुडतच होती. तिच्या मानेवरचा वळ अजून गेला नव्हता. ओढणी सरकली होती आणि हात माखलेले म्हणून तिला ती नीट करता येत नव्हती.

ममतानं पाय लांब केला, ओढणीचं टोक पायाच्या बोटांत धरलं आणि बाजूला ओढलं.

"सर, मान बघा तिची," ती म्हणाली. "खाली विचारू नका तिला. खाली तिला सगळं येतं. वर येत नाही. गुरुवारी मानेच्या आधी बगल सोडली तिनं. मी बघितलं. परवा गेली तर पडेल."

सर उठले. वाकून वळ बघितला. बराच वेळ बघितला.  भाईदासनं पायावरचा चिखल दुसऱ्या पायानं खरवडला.

"मी नाव मागं घेतो," सर म्हणाले. "डॉक्टरांकडेही जाऊ, सुरतेला एक आहेत, खेळाडूंचंच बघतात. काजल, तू काही चूक केली नाहीस." मग ते ममताकडे वळले. आवाज कडक नव्हता, नुसता गोंधळलेला. "पण तू तर खालीच होतीस. मग चूक दिसली, तर आवाज..."

त्यांनी पुढचं म्हटलं नाही. काजलनं म्हटलं. आठ वर्षांत तिनं ममताला असं काही विचारलं नव्हतं, आणि आताही तिचा आवाज भांडणाचा नव्हता.

"ताई. मी तुन्हाकडे दखत व्हतू. वरथीन. तुन्हं तोंड उघडं व्हतं. आवाज काबर नही दिना?"

धनुबाई ओट्यावरून म्हणाली, "काय? कसाना आवाज?"

ममता उठली. मांडीवरचे देठ झटकले. फाटकापाशी तिच्या चपला होत्या. तिनं एकेक पाय घातला, अंगठ्याच्या त्या रुंद फटीत पट्टा नीट बसेपर्यंत थांबली, आणि सरांच्या मोटरसायकलला वळसा घालून रस्त्यावर चालू लागली.