जामच्या जागेचा उतार

जाम गावच्या चौकाच्या थोडं पुढे, हायवेला लागून माझी लहानशी जागा आहे. निवृत्तीनंतर ती मी ट्रक धुण्याचं आणि ग्रीसिंगचं काम करणाऱ्या एकाला भाड्याने दिली. शेजाऱ्यांचं नुकसान झालं तर जबाबदारी भाडेकरूची, असं वकिलाने करारनाम्यात घातलं होतं. मी निश्चिंत होतो.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी शेजारच्या शेताची मालकीण हिंगणघाटला माझ्या घरी आली. साठीची गोंड बाई, नवऱ्यामागे एकटीने शेत सांभाळणारी. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

"गुरुजी, तुमच्या जागेतलं काळं पानी माह्या विहिरीत येऊन राह्यलं. बैल तोंड लावत नाई."

"मावशी, ते भाडेकरूला सांगा. करारात तसं लिहिलंय."

"त्या कागदावर माही सही हाये का?"

मी चपला पायात घातल्या. तिच्यासोबतच बसने जामला गेलो. विहिरीत तेलाचा तवंग होता. तिने बादली शेंदून बैलापुढे ठेवली. त्याने नाक जवळ नेलं, फुरफुरला आणि मान फिरवली.

भाडेकरूला जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, "सरजी, मैं क्या करूँ? ढलान तो आपकी जमीन की है."

मी भडकलो, कारण तो खरं बोलत होता. चांगला भाडेकरू मिळावा म्हणून मीच मुरूम टाकून जागा रस्त्याइतकी उंच केली होती. पाणी कुठे उतरेल, हे पाहिलंच नव्हतं. आणि जन्मभर मुलांना भूगोल शिकवला!

त्याच दिवशी ट्रक धुणं बंद करवलं. भाडेकरू कुरकुरत महिन्याभरात निघून गेला. बांधाच्या कडेने मी नाली खोदून घेतली, विहीर दोनदा उपसून गाळ काढवला, तोवर तिच्याकडे टँकर पाठवला. कोर्टात सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं, असं वकील नंतर म्हणाला. आलंही असतं. पण विहीर उपसूनही मावशी वर्षभर प्यायचं पाणी गावच्या नळावरूनच आणत राहिली, आणि ते बघून मला खाली मान घालावी लागे.

यंदा एकाला चहाच्या टपरीसाठी जागा हवी होती. करार करण्याआधी मी तिच्या घरी जाऊन सांगितलं. तिने एवढंच विचारलं,

"थो कपबश्या कोठी धुईन?"

मी परत जाऊन त्याला आधी तेच विचारलं.